खिडकीपासून लांबची खाट

ताई, उद्या सकाळी निलेश टेम्पो घेऊन येतोय. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. पण माझाच मुलगा तो, माझ्या ‘बघू’चा त्याने सोयीचा अर्थ काढलाय. घराला कुलूप लावायचं, मला बेव्हर्ली पार्कला त्याच्या फ्लॅटवर, सोळाव्या मजल्यावर न्यायचं, पावसाळाभर तिथे ठेवायचं आणि मग पुढचं पुढे. हे ‘पुढचं पुढे’ म्हणजे काय ते न कळायला मी काही दुधखुळी नाही. गोडदेवातल्या आपल्या या घराला एकदा कुलूप लागलं की ते पुन्हा उघडायला कुणाला सवड होणार नाही.

तुम्ही वैशाखात गेलात, आता ज्येष्ठ संपत आला. पाऊस दोनदा तोंड दाखवून पळाला, अजून बसलेला नाही. नुसता उकाडा. भिंतीला हात लावला तर ओला होतो आणि खाडीचा वास दुपारपासून गल्लीत मुक्कामाला आहे. परवा अमावास्या. हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, मोबाईलवर बघितलं आणि पुन्हा कॅलेंडरात बघितलं. तुम्ही बोटांच्या पेरांवर तिथी मोजून सांगायचात, भरती जेवणाआधी चढणार की जेवणानंतर. ते मला कधी जमलं नाही. मला येतं ते एकच काम, घाबरण्याचं, आणि ते मी सकाळपासून इमानेइतबारे करतेय.

तेराव्याला येणारा जो तो मला म्हणत होता, “सुनंदाबाई, बेबीताईंची हिंमत आता तुम्ही घ्यायला हवी.” जसं काही तुम्ही ती कपाटात घडी घालून ठेवली होतीत. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, घ्यायची कुठून? चाळीसएक वर्षं या बाईच्या शेजारी काढली, तेव्हा आली नाही, ती आता काय लाडू खाऊन येणार आहे?

मी या घरात धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मुलगी होते. पाणी म्हणजे नळाला येतं ते, एवढीच माझी पाण्याशी ओळख. तुम्ही मिठागरावर वाढलेल्या. लहानपणी खाऱ्या पाण्यात उभं राहून तुमच्या तळपायांना जी जाड कातडी आली ती शेवटपर्यंत गेली नाही. तुम्हाला आठवतं? माझ्या पहिल्याच पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं आणि मी पलंगावर चढून बसले, तेही पायात चपला घालून. तुम्ही दारात उभ्या राहून बघितलंत. मला वाटलं आता सासरी माझी शोभा होणार. तुम्ही चुलीकडे वळून म्हणालात, “बस हां वरच. पानी येल नि जाल. चाय घेतंस?” आणि मला पलंगावर चहा आणून दिलात. त्या दिवशी मला कळलं की या घरात भिऊन राहायला परवानगी आहे.

जावांचं पटत नाही ही जगाची समजूत काही खोटी नाही. आपलं तरी कुठे पटायचं? भाजीत मीठ जास्त घालण्यावरून, निलेशला लाडावून ठेवण्यावरून, माझ्या ऑफिसवरून, तुमच्या मोठ्याने बोलण्यावरून. दोघे भाऊ होते तोवर ते मधे पडायचे. मग ते एकामागोमाग गेले आणि भांडणं सोडवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा आपण ती निम्म्यात सोडायला शिकलो. एक राहिलं, ते या घराचं. ते मात्र दर वर्षी पुढे चालू व्हायचं.

घर काय, दर दोन-चार वर्षांनी खाली जात होतं. म्हणजे घर होतं तिथेच, रस्ताच वर येत होता. डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट. मी आले तेव्हा अंगणातून गल्लीत जायला एक पायरी उतरावी लागे. आता गल्लीतून घरात यायला दोन उतराव्या लागतात. तुम्ही दर उन्हाळ्यात गवंडी बोलवायचात आणि उंबरठ्यावर विटांचा आणखी एक थर चढवायचात. उंबरठा वर आला की दार खालून कापायचं. असं करत करत ते दार एवढं आखूड झालं की आता वाकल्याशिवाय आत येता येत नाही. निलेशचं कपाळ तिथे किती वेळा आपटलं, त्याची बायको तर कपाळावर हात ठेवूनच आत येते. तुम्ही म्हणायचात, “वाकला म्हंजी काय झाला? देवलात वाकतंव ना?”

आणि मग तो दिवस आला, ज्यावरून मी तुम्हाला मरेपर्यंत चिडवलं. भरती आणि पाऊस एकदम आले. आपला उंबरठा बांधासारखा उभा, गल्लीतलं पाणी त्याला धडका देतंय, आत टिपूस नाही. तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभ्या होतात, एखादा किल्ला राखल्यासारख्या. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. पाणी मोरीतून येत होतं! खालच्या गटारातून उलटं वर, काळं, बुडबुडे काढत. बघता बघता पिंडऱ्यांपर्यंत आलं. दुपार उलटली, ओहोटी लागली, गल्ली मोकळी झाली, शेजारीपाजारी घरं धुवायला लागले आणि आपल्या घरात मात्र पाणी तसंच. बाहेर जाणार कुठून? आपणच बांधून ठेवलेलं. आपण दोघी पातेल्याने ते उंबरठ्यावरून बाहेर फेकत बसलो. मिठागराच्या बांधाला पाणी सोडायला तोंड ठेवतात हे तुमच्या वडलांनी तुम्हाला बोलायच्या आधी शिकवलं असेल, आणि तुम्ही नेमकं तेच घराला ठेवायला विसरलात. मला भीती वाटत होती आणि हसूही आवरेना. तुम्ही ओरडलात, “हसतंस काय? उपस!”

त्या वर्षीपासून उंबरठ्यात एक पाईप आला, त्याला लाकडी बूच आलं. मोरीच्या तोंडात फडक्यांचा बोळा आणि त्यावर वरवंटा, हा आपल्या घराचा कायदा झाला. आभाळ भरलं की पाट्याला वरवंटा सापडायचा नाही, मग चटणी मिक्सरमध्ये आणि तुमची दिवसभर कुरकूर.

पण ताई, खरं सांगते, तुमचा बोळा, तुमचं बूच, सगळं ठीक. हे घर चालत होतं ते माझ्या भीतीवर. तुम्ही स्वतःच म्हणाला होतात ना, “तू भ्यायाचा काम कर, बाकीचा मी करतंय.” मी हसण्यावारी नेलं. पण तुम्ही खरोखरच आभाळाकडे कमी बघायचात आणि माझ्या तोंडाकडे जास्त. मी सकाळचा चहा अर्धा सोडला की तुम्ही मुकाट्याने तांदळाचा डबा माळ्यावर चढवायचात. माझा हात गळ्याशी गेला की सिलिंडर स्टुलावर. शेजारच्या खोलीत गुप्ताभाभी राहायला आल्या तेव्हा त्यांनासुद्धा तुम्ही तुमच्या हिंदीत समजावलं होतंत, “आमची सुनंदा डरी तो सामान उचलने का.” मला राग आला होता. माझी भीती म्हणजे काय गल्लीचा भोंगा आहे? पण त्या रागाच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं होतं. माहेरी माझ्या भित्रेपणावर सगळे हसत आले. तो कामाला लावला तुम्हीच.

मी काही फक्त पाण्याला भ्यायचे नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पावसाळा संपला की भिंती वाळायला लागायच्या आणि मला विजेची भीती सुरू. ओल्या भिंतीतून वायर गेलीय, बटण दाबलं तर चटका बसेल. मी लाकडी पाटावर उभी राहून दिवा लावायचे. भिंतीवर पांढरा लोणा फुलायचा, रंगाचे पापुद्रे पडायचे, मला वाटायचं भिंत आतून खाल्ली जातेय, एक दिवस झोपेत अंगावर येईल. तुम्ही तो पांढरा भुगा बोटाने पुसून जिभेवर ठेवायचात! मी किंचाळायचे. तुम्ही म्हणायचात, “आपलाच मीठ हाय गो. जमीन इकली, भराव टाकला, तरी घरी येतंय.” हे बोलताना तुमचा चेहरा असा व्हायचा की मी पुढचं बोलायची नाही. तुमच्या वडलांचं मिठागर कुठल्या बिल्डिंगीखाली गेलं ते तुम्ही मला कधी दाखवलं नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. आता सांगणारं कुणी नाही.

थंडी म्हणजे आपल्याकडे नावालाच. पण पहाटे खाडीवरून धुकं आणि धूर एकत्र यायचे, समोरची भिंत दिसायची नाही, आणि मला वाटायचं माझा श्वास अडकणार. तुम्ही ओव्याची पुरचुंडी गरम करून माझ्या छातीला लावायचात आणि वर शिव्या घालायचात. उन्हाळ्यात मला उष्माघाताची भीती, पाणी न येण्याची भीती, पंखा डोक्यावर पडण्याची भीती. बाराही महिने मला काम होतं. तुम्हालाही होतं, मला ऐकून घेण्याचं.

मागच्या पावसाळ्यात मात्र माझं जरा जास्तच झालं. भरतीच्या दिवशी पाणी उंबरठ्याला लागलं आणि माझे हातपाय गार पडले, कानात नुसतं वाजायला लागलं. गुप्ताभाभींच्या मुलाच्या रिक्षातून तुम्ही मला डॉक्टरकडे नेलंत, रिक्षापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालवत. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, काही नाही, नुसती भीती आहे. मी ओशाळले. बाहेर आल्यावर तुम्ही रिक्षात बसता बसता म्हणालात, “नुसती म्हंजी काय? भीतीनं मानूस मरत न्हाय काय?” मग घरी येईपर्यंत काही बोलला नाहीत. मला वाटलं, पाण्यातून चालून दमल्या असाल.

तोपर्यंत निलेशला फ्लॅट घेऊन झाली होती काही वर्षं. दर मे महिन्यात तो म्हणायचा, दोघी इकडे या. दर मे महिन्यात मी तयार आणि तुम्ही नाही. “डोक्यावर मानसा, पायाखाली मानसा, ही काय राव्हाची रीत?” मी चिडायची. तुम्हाला हट्टी म्हणायची, घरकोंबडी म्हणायची. तुम्हाला सोडून एकटी जाण्याची धमकी पण दिली होती दोनदा. तुम्ही म्हणालात, “जा गो, मी काय बांधून ठेवलंय?” मी कुठली जाते! मला पाण्याची भीती, पण तुम्ही इथे आणि मी तिथे कोरड्या बसलेय, या विचाराची त्याहून जास्त.

आणि मग या वैशाखातली ती संध्याकाळ. आपली आगोट चालू होती, पावसाळ्याची बेगमी. अंगणात चटईवर मिरच्या, आपण दोघी देठ खुडत बसलेल्या. सुकट भरून झाली होती, चिंच झाली होती, मसाला तेवढा राहिला होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “या साली जाव आपून निलेशकडं. पानी पडाच्या आधी.”

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते आयतं पदरात पडलं होतं. पण ताई, मी घाबरले. मी इकडेतिकडे बघायला लागले. भिंतीकडे, छपराकडे, तुमच्या तोंडाकडे. आयुष्यभर मी घाबरले की तुम्ही म्हणत होतात काही होत नाही, आणि माझा त्यावर विश्वास होता. आता तुम्हीच निघा म्हणताय. म्हणजे नक्की काहीतरी आहे, तुम्हाला कळलंय आणि मला सांगत नाही आहात. मी विचारलं, “का हो? काय झालं?” तुम्ही म्हणालात, “काय व्हवाचा हाय? जरा वरचा वारा खाव.” आणि एक मिरची माझ्याकडे फेकलीत, देठ नीट काढला नाही म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, मिरच्या हलवायला म्हणून बाहेर गेलात आणि दाराशी खुर्चीत बसलात त्या बसलात. मी आतून दोन हाका मारल्या.

पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही होतातच तिथे.

तेव्हापासून एकच गोष्ट मला पोखरतेय. तुम्हाला मरणाची चाहूल लागली होती, म्हणून तुम्ही निघायचं म्हणालात. माझ्या शेजारी बसून मिरच्या खुडताना तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण मी भित्री. ज्या बाईला चाळीस वर्षं मी पालीपासून भूकंपापर्यंत प्रत्येक भीती सांगितली, तिने स्वतःची एकच मोठी भीती माझ्यापासून लपवली. चाळीस वर्षांचा हिशेब असा एकतर्फी? मी रागावले तुमच्यावर. फोटोला हार घालताना रागावलेली होते, कावळा लवकर शिवला तेव्हासुद्धा रागावलेली होते. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, राहिली कशी नव्हती?

मसाला मी गिरणीतून करून आणला. तुमच्या हाताचं प्रमाण मला ठाऊक नाही, अंदाजाने केला. तिखटजाळ झालाय. बरणीत दोघींचा वर्षाचा मसाला आणि खाणारी मी एकटी. झाकण उघडलं की ठसका लागतो, आणि मग मी ठसक्याच्या नावावर थोडं रडून घेते.

काल निलेश मला बळेच फ्लॅटवर घेऊन गेला. म्हणाला, “आई, नुसती खोली बघून घे.” खोली छान आहे. मोठी खिडकी, खिडकीतून खाडी, खाडीपलीकडे डोंगर. आणि त्या खोलीत दोन खाटा होत्या, ताई. एक खिडकीला लागून. दुसरी पार इकडे, दरवाज्यामागच्या भिंतीला, अशी अडचणीत की कपाटाचं दारही पूर्ण उघडत नाही.

मी म्हटलं, “ही दुसरी कशाला ठेवलीस अजून? आणि अशी कोपऱ्यात का?”

तो घुटमळला. मग म्हणाला, “मोठ्या आईने फोन केला होता. ती जायच्या चार दिवस आधी. तुला सांगू नको म्हणाली होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आम्ही येतोय. तुझ्या आईची खाट खिडकीजवळ लाव, तिला आभाळ दिसलं पाहिजे. माझी मात्र खिडकीपासून लांब. मला उंचीची भीती वाटते रे, खाली बघितलं की पोटात गोळा येतो. पण सुनंदेला सांगू नको, ती हसेल.”

मी त्या कोपऱ्यातल्या खाटेवर बसले. हसलेच, ताई. तुमचं बरोबर होतं. हसले आणि मग ते हसू मला थांबवता येईना, निलेश पाणी आणायला धावला.

मग मला एकेक दिसायला लागलं. त्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तुम्ही दिवसभर स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला होतात. “रांधायला कोनतरी पायजे,” म्हणालात, घरात आचारी असताना. उतरताना लिफ्ट सोडून सोळा मजले जिन्याने उतरलात, “एवढी काय म्हातारी झालंय काय?” म्हणत. सगळे तुमचं कौतुक करत होते, मी तर सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी तुमचे गुडघे सुजले तेव्हा मीच तेल लावलं होतं. आणि ते डोक्यावर माणसं, पायाखाली माणसं! तो हट्ट नव्हताच. दर मे महिन्यात मी ज्याच्याशी भांडत होते ती तुमची भीती होती, आणि तुम्ही तिला हट्टाचं नाव दिलंत, कारण भित्री म्हणून या घरात एक जागा होती आणि ती भरलेली होती.

एक भीती माझी गेली हे खरं. मरणाची चाहूल लागलेला माणूस आपली खाट कुठे लावायची ते फोन करून सांगत नाही. तुम्हाला जगायचं होतं. सोळाव्या मजल्यावर, पोटात गोळा घेऊन, भिंतीकडे तोंड करून, रोज. कशासाठी, ते मला त्या रिक्षात कळायला हवं होतं. तुम्ही तेव्हा दमला नव्हतात. ठरवत होतात.

तुमच्यासाठी मी इतकी वर्षं पाण्याशेजारी राहिले, याचा मला केवढा अभिमान होता. दर भांडणात मी तो काढायची. तुम्ही माझ्यासाठी तेच करायला निघालात आणि एका शब्दाने बोलला नाहीत, उलट वरचा वारा खाऊया म्हणालात. मी तुम्हाला साधं “बरं झालं हो, चला” असंही म्हटलं नाही. मी घाबरून भिंती बघत बसले.

काल खाली येताना लिफ्टचं दार लागलं आणि मला भीती वाटली. लिफ्टला मी कधीच भ्याले नव्हते, ऑफिसात रोजची होती. काल मात्र आकडे उतरताना दिसत होते आणि पोटात खरोखरच गोळा आला. लोक म्हणत होते तुमची हिंमत मला येईल. ती काही आली नाही. तुमची भीती तेवढी आली.

आज सकाळी गुप्ताभाभी आल्या होत्या. दारात वाकून उभ्या, आत येईनात. “आंटी, परसों अमावस है ना? आपको कैसा लग रहा है?” मी म्हटलं, डर लग रहा है. त्या लगेच वळल्या, पदर खोचत. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून डबे वर चढवल्याचा आवाज यायला लागला. मग मी उठले. मोरीत बोळा बसवला, वरवंटा ठेवला. पाईपाचं बूच घट्ट केलं. गादी गुंडाळून माळ्यावर टाकली, एकटीने, त्यात कंबर धरली. सगळं तुमच्यासारखंच केलं, फक्त भीत भीत. काम झाल्यावरही भीती गेली नाही. मी तुमच्या खुर्चीत बसून वाट बघितली. तुम्ही “झाला गो, आता चाय कर” म्हणाल म्हणून नव्हे, मला काय कळत नाही का. पण वाट बघितली.

आणि आत्ता, हे लिहायचं मधेच थांबवून, निलेशला फोन केला. सांगितलं, येते. पण कुलूप लावायचं नाही. गुप्ताभाभींची खोली आपल्याहून खोल आहे, पावसाळाभर त्यांचं सामान आणि माणसं आपल्या घरात राहतील, किल्ली त्यांच्याकडे. दसऱ्याला मी खाली येणार आणि भिंतींना रंग लावून घेणार. तो म्हणाला, “आई, दसऱ्याचं दसऱ्याला बघू.” मी म्हटलं, तुझं ‘बघू’ तुझ्याकडे ठेव, माझं ठरलंय. मला वाटतं त्याला माझ्या आवाजात कुणीतरी दुसरंच ऐकू आलं असावं, पण मी तेवढ्यावर खूश होणार नाही. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला होता.

दुसरी खाट काढू नको, हेही सांगितलंय त्याला. खिडकीजवळच्या खाटेवर मी दिवसा बसेन, तुम्ही ती माझ्यासाठी मागून घेतली होतीत. आभाळ बघेन, भरती बघेन, इथल्या छपरांपैकी आपलं कुठलं ते शोधेन. भीती वाटेल. वाटू दे.

उद्या फक्त ती लिफ्ट आहे. टेम्पोतून उतरून त्या दारापर्यंत जाईन आणि तिथे माझे पाय अडतील हे मला आत्ताच दिसतंय. निलेश म्हणेल, “चल ना आई, काय झालं?” तुम्ही असतात, तर काय झालं असतं तेही दिसतंय. दार लागताक्षणी तुम्ही माझं मनगट असं आवळलं असतंत की रग लागली असती. डोळे मिटून, ओठ घट्ट. निलेशने बघितलंच, तर त्याला म्हणाल्या असतात, “ही भितंय ना, म्हून धरलंय तिला.”

आणि मी म्हटलं असतं, हो रे बाबा, मलाच भीती वाटते.